राहिलेल्या सहा धावा

गेल्या रविवारी आप्पांना घेऊन खासबागच्या बाजारात गेलो होतो. मेथीच्या जुडीचा भाव विचारताना आप्पांचा आवाज इतका चढला की चार माणसं वळून बघायला लागली. भांडण वगैरे काही नव्हतं. उभा जन्म मागावर काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही, एवढंच. आमच्या भागातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. खासबाग, वडगाव, शहापूर ही विणकरांची वस्ती. घराच्या पुढच्या सोप्यात संसार आणि मागच्या सोप्यात माग. मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग. शब्दात फरक तेवढाच आणि खटखट तीच. त्या खटखटीवरून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं.

आमच्या घरात तर दोन भाषांत ओरडणं चालायचं. आप्पा मराठी, अव्वा कन्नड. आप्पा मराठीत विचारणार, अव्वा कन्नडमध्ये उत्तर देणार, आणि आम्ही पोरं ज्याचं काम असेल त्याच्या भाषेत बोलणार. हिशेबाचंही तसंच. अव्वाचे आकडे आजही कन्नडमध्येच चालतात. त्यामुळं आमच्या घरी क्रिकेटचा स्कोअरही दोन भाषांत असायचा.

वाचकहो, मला आज त्यातला एक स्कोअर आठवतोय. नूरा तोंबत्नाल्कु. एकशे चौऱ्याण्णव.

तारीख 29 मार्च 2004. मुलतानच्या कसोटीचा दुसरा दिवस, वार सोमवार. मी नुकताच एम. ए. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसलेला. टीव्ही मधल्या खोलीत. आप्पा मागे मागावर. अव्वा दारात बसून कांड्या भरत होती आणि आत-बाहेर दोन्हीकडं तिचं लक्ष. आप्पांना टीव्हीतलं काही ऐकू यायचं नाही. तीच ओरडून स्कोअर सांगायची. सेहवागनं त्या दिवशी षटकार मारून 300 पूर्ण केले. कसोटीत त्रिशतक करणारा तो पहिला भारतीय. तो 309 वर बाद झाला. त्याची आणि सचिनची भागी 336 धावांची. आता सगळ्यांचे डोळे सचिनच्या द्विशतकावर लागलेले. चहापानानंतर युवराज 59 वर बाद झाला, आणि सौरव गांगुली जखमी असल्यानं कप्तानी करणाऱ्या राहुल द्रविडनं डाव घोषित केला. 5 बाद 675. सचिन नाबाद 194.

"काय झालं गं?" आप्पांनी आतून ओरडून विचारलं. अव्वानं सांगितलं. आणि एरवी दिवे गेल्याशिवाय न थांबणारा आमचा माग त्या दिवशी थांबला. आप्पा हात पुसत बाहेर आले.

"सहा धावा! सहा धावांसाठी?"

"टीम गेल्लबेको ब्याडो?" अव्वानं कांडीवरची नजर न काढता विचारलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जो सीमाप्रश्न उभा राहिला तो मी विसरणार नाही. आप्पांच्या मते हा उघड अन्याय होता. अव्वाच्या मते त्या सचिननं जानेवारीतच सिडनीत नाबाद 241 केले होते, आणखी किती पाहिजेत? आप्पा म्हणाले, तुझा तो बेंगळूरचा आहे म्हणून तू बोलतेस. इथं मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, द्रविडचं घर मराठी, जन्म इंदूरचा, बायको नागपूरची पेंढारकर. वाढला आणि खेळला कर्नाटकात. मग तो कुणाचा? दोघंही क्षणभर गप्प झाली. मग अव्वा म्हणाली, "नम्म हुडुगा." आप्पा म्हणाले, "आपलाच की रे, म्हणून तर राग येतो."

भारतानं तो सामना एक डाव आणि 52 धावांनी जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवर आपला तो पहिला कसोटी विजय. पुढं रावळपिंडीत द्रविडनं 270 काढले आणि मालिका 2-1 अशी खिशात घातली. अव्वाचं म्हणणं खरं ठरलं. पण आप्पांच्या सहा धावा काही गेल्या नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सचिननं ढाक्याला नाबाद 248 केले, तेव्हाही आप्पा म्हणाले, "हे वेगळे. ते सहा वेगळे." 2014 मध्ये सचिनचं आत्मचरित्र आलं. त्यात त्यानं मुलतानची रुखरुख लिहिली आहे हे मी वाचून सांगितलं, तर आप्पांनी मान अशी हलवली जणू दहा वर्षं हा माणूस त्यांच्याशीच बोलत होता.

दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ते कळलं 2018 साली.

तोवर आमच्या चार मागांपैकी तीन गेले होते. सूत महाग, मजुरी तीच, आणि सुरतेच्या स्वस्त साडीपुढं आमची साडी कोण घेणार? एक माग आप्पांनी जिद्दीनं ठेवला होता. पण मोतीबिंदू पिकला होता, तुटलेला धागा दिसायचा नाही, गुडघे बोलायला लागले होते. मला नोकरी होती, घर चालत होतं. एक दिवस अव्वानं कुणाला न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. आप्पांना म्हणाली, "साक बिड्री." झालं. डाव घोषित.

बीमवर अजून दोन साड्यांचं सूत होतं.

आप्पा दोन दिवस अव्वाशी बोलले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत. मी समजूत घालायला मागच्या सोप्यात गेलो. ते मागापाशी नुसते बसले होते, धोटा मांडीवर घेऊन. मी डॉक्टरांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, लाइटबिलाचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होय की. बरोबरच आहे तिचं. खरं, द्रविडनं निदान आधी निरोप तरी धाडला असेल."

मी हसलो आणि हसता हसता माझाच घसा भरून आला. हे मी अव्वाला जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. मग तिच्या कन्नडमध्ये जे म्हणाली त्याचा अर्थ असा : निरोप मी तीन वर्षं धाडतेय. मागाच्या आवाजात त्यांना ऐकू गेला नाही.

यावर मी काय बोलणार? चाळीस वर्षांच्या संसारात एकानं सांगितलेलं दुसऱ्याला ऐकू गेलं नाही, आणि त्यात दोघांचीही चूक नाही. आवाजच तेवढा होता.

संध्याकाळी अव्वा उठली, मागच्या सोप्यात गेली. कांड्यांची टोपली पुढ्यात ओढली आणि भरायला बसली. आप्पांकडं न बघता म्हणाली, "आतु, मुगस्री." भंगारवाल्याला आणखी चार दिवस थांबायला सांगितलं. माग पुन्हा सुरू झाला. धागा तुटला की ती उठून बघायची, आप्पा जोडायचे. दोन साड्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी रात्री आप्पांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. गल्लीतल्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय झालं, घरी कुणाला बरं नाही काय? इतकं ते शांत वाटत होतं.

त्या साड्या विकल्या नाहीत. एक बहिणीकडं गेली. दुसरी अव्वाच्या पेटीत आहे.

मला विचाराल तर मुलतानला द्रविड चुकला नव्हता. आज कप्तानाच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं, कारण आधी संघ. हाच माणूस 2012 च्या मार्चमध्ये, 164 कसोटी आणि 13,288 धावा झाल्यावर, स्वतःलाही "साकु" म्हणाला. तेव्हा अव्वा म्हणाली होती, "नोड्री, तो स्वतःलाही तेच सांगतो." पण निर्णय बरोबर असला म्हणून राहिलेल्या धावा मिटत नाहीत. त्या कुणाच्या तरी अंगावर राहतात. "पुरे" म्हणण्याचा हक्क ज्याच्याकडं आहे, त्यानं समोरच्याच्या बीमवर किती सूत उरलंय ते एकदा वाकून बघावं, एवढंच.

आता हे मी माझ्यापुरतं पाळतो. परीक्षेच्या हॉलमध्ये घंटा झाली की पूर्वी मी पेपर ओढून घ्यायचो. नियम तो नियम. आता घंटेच्या आधी दहा मिनिटं एकदा, पाच मिनिटं एकदा, असं मोठ्यानं सांगतो. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. वेळ एक मिनिटानंही वाढवत नाही, पण निरोप दोनदा पोचवतो. मागच्या बाकावरची पोरं हसतात, सर किती ओरडतात म्हणून. त्यांना काय सांगू? मी मागाच्या घरात वाढलोय.

असो. बाजारातून परतताना आप्पांनी पिशवी माझ्या हातात दिली नाही. जड होती. मी एकदा मागितली, दुसऱ्यांदा मागितली. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी आपणहून दिली आणि म्हणाले, "घे. इथवर आणली की मी."