‘लग्न झालं की अंग भरेल’

मुरुम गावातल्या एका हळदीकुंकवात वक्त्या बाईंनी ठणकावून सांगितलं, ‘मुलीची छाती भरली नाही म्हणून दवाखाना गाठणं हे शहरी खूळ आहे. तेल चोळा, शतावरी द्या. लग्न झालं, लेकरू झालं की अंग आपोआप भरतं.’ बायांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहिते आहे.

छाती लहान असणं हा आजार नव्हे, हे मलाही मान्य आहे. आकार बराचसा चरबीवर ठरतो, दूध ग्रंथींत तयार होतं; लहान छातीच्या आईलाही भरपूर पान्हा येतो. पण ग्रंथीच नसेल तर? आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ साली लंडनमध्ये जो दोष नोंदवला, त्यात एका बाजूचा छातीचा स्नायू जन्मापासूनच अपुरा असतो, त्या बाजूचा स्तन खुंटतो किंवा येतच नाही, कधी त्याच हाताची बोटं आखूड, जुळलेली असतात. टर्नर सिंड्रोममध्ये एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. अंडाशय काम करत नाहीत, म्हणून बहुतेकींना ना पाळी येते ना छाती. लग्नाच्या मांडवात हे गुणसूत्र कोण आणून देणार? वाट पाहण्यात उंची वाढवण्याची वर्षं हातची जातात, हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी राहून जाते. मग तीच मुलगी ‘वांझ’ म्हणून माहेरी परत येते आणि सल्ला देणाऱ्या बाई दुसऱ्या हळदीकुंकवाला गेलेल्या असतात.

भाजलेल्या मुलींचं तर कुणी नावच काढत नाही. रांगत्या वयात चुलीवरचं आधण अंगावर सांडलेलं असतं. वयात येताना तो ताठ व्रण खालची वाढ दाबून धरतो. आई ड्रेसला आतून एका बाजूला कापडाची घडी शिवते, ओढणीला दोन पिना लावते. उन्हाळ्यात त्या घडीखाली घामोळं उठतं. शस्त्रक्रियेने व्रण सोडवला तर वाढीला जागा मिळू शकते. तेलाने तो सुटत नाही.

शतावरीने नसलेली ग्रंथी उगवत नाही. खुळाचं म्हणाल, तर गुणसूत्रं गाव पाहून बिघडत नाहीत.

चिकाच्या दुधावरूनही आम्ही असंच भांडलो होतो. ‘पिवळं दूध बाळाला बाधतं’ म्हणत किती घरांनी ते पिळून फेकलं! तेव्हाही आधार एकच होता, ‘आमच्या सासूबाई असंच सांगायच्या.’

तेराव्या वर्षापर्यंत छातीला सुरुवातच नसेल तर मुलीला डॉक्टरांना दाखवा, उमरग्याला नाहीतर सोलापूरला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला एकाच स्तनाग्राखाली दुखरी गाठ लागली तर घाईने कापू देऊ नका. बहुतेकदा ती स्तनाचीच सुरुवात असते आणि ती काढली की तो स्तन कायमचा जातो. बाळंतिणीच्या ग्रंथी खरोखर अपुऱ्या असतील तर बाळाचं वजन पाहत, डॉक्टरांना विचारून, वाटी-चमच्याने वरचं दूध द्यावं. तिला ‘दूध चोरते’ म्हणू नये. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यातल्या डॉक्टर बाईंशी मुलीला एकटीला बोलू द्या. सोबत आलेल्या काकूंना बाहेर बसवा.