पोवई नाक्यावर गाडी लावा

कोल्हापूरकडे निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी हायवेवर दहा मिनिटं टेकतात, कंदी पेढ्याचे दोन बॉक्स घेतात आणि गाडी सुरू करतात. सातारा तिथून हाकेच्या अंतरावर, अजिंक्यताऱ्याच्या पोटाशी पसरलेला असतो. त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून या आठवड्यात एक मागणी करतो. सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत संध्याकाळची पायी खाऊफेरी सुरू व्हावी, आणि ती गावातल्याच पोरापोरींनी चालवावी.

साताऱ्याची वाट तयारच आहे. गाडी पोवई नाक्यावर लावायची आणि राजपथाने नाहीतर खालच्या रस्त्याने राजवाड्याकडे चालत सुटायचं. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक वरच्या गडावर झाला आणि पुढे त्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. ते वसणं पायांना कळतं. गल्ली डोंगराच्या बाजूला वळली की चढ लागतो, दम लागतो आणि भूकही लागते.

वाटेत कमानी हौद येतो. गावाला पाणी पश्चिमेच्या डोंगराने दिलं. यवतेश्वराकडून ते खाली उतरायचं आणि पेठांतल्या हौदांत पडायचं, पुढे कासचं पाणी आलं. माझ्या मते फेरीतला पहिला घोट इथे साध्या पाण्याचा असावा. चहा, मसाला दूध नंतर आहेच.

मग पेढा. तो काचेच्या कपाटासमोर उभं राहून खाण्यात निम्मीच गंमत आहे. भट्टी दुकानाच्या मागेच असेल आणि मालक हो म्हणाला, तर आत जावं. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा हाताला लागतो. तो कढईत पडतो तेव्हा पांढरट, मऊ असतो. उलथणं तळाला घासत राहतं, तूप सुटायला लागतं, कडेचा भाग तांबूस होतो आणि तोच खरवडून पुन्हा आत ओढला जातो. कंदी पेढ्यात दाताखाली येणारे खमंग कण हे त्या खरवडीचे. हात थांबला की खवा लागला, म्हणून भाजणारा माणूस बोलतानाही कढईवरून नजर काढत नाही. खरपूस भाजल्यामुळेच हा पेढा चार दिवस जास्त टिकतो आणि प्रवासाला चालतो. ‘कंदी’ नाव साहेबाच्या ‘कँडी’वरून पडलं, असं सगळेच सांगतात. फेरी नेणाऱ्याने ते सांगावं, पण ‘असं म्हणतात’ एवढं जोडून सांगावं.

शेवट गांधी मैदानावरच्या चौपाटीत. तिथे जरा सांभाळून. दहाजणांपेक्षा मोठा घोळका नको, चवीपुरतं फुकट मागायचं नाही, आणि तव्यावर वाकलेल्या बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा नाही.

परवा मावशीला घेऊन हीच वाट चाललो. तिचं वय सत्तर. तिला दोनदा बसावंसं वाटलं आणि दोन्ही वेळा एका बंद दुकानाची पायरी शोधावी लागली. स्वच्छतागृह विचारत फिरलो, शेवटी एका ओळखीच्या घरी गेलो. बाकडं, उजेड, फुटपाथ आणि बायकांना निःसंकोच जाता येईल असं स्वच्छतागृह, एवढं झाल्याशिवाय खाऊफेरीचे फलक लावू नयेत.

साताऱ्यातून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आत. १९६० पर्यंत त्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, आणि माहुलीच्या संगमावरून पुढे गेलेली कृष्णा तिथे घाटाला लागते. सांगलीची फेरी दिवेलागणीला गणपती मंदिरापासून निघावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ याच गावात उभं केलं. नाटक सुटल्यावर माणसं काय खात घरी जात असतील, हा विचार इथे चालताना मला हमखास येतो. आलं-लिंबू पिळलेला उसाचा रस आधी घ्यावा, भडंग नंतर.

भडंगाचा घाणा बघण्यासारखा असतो. तेल तापतं, ठेचलेला लसूण पडतो, शेंगदाणे, कढीपत्ता, मग तिखट, आणि ते करपायच्या आत चुरमुरे. मोठ्या परातीत दोन्ही हातांनी खालीवर करत पिठीसाखर-मीठ भुरभुरतात. गरम असताना चुरमुरा जरा मऊ लागतो, निवला की कुरकुरीत होतो. त्यावर कांदा, कोथिंबीर, लिंबू घालायचं आणि लगेच खायचं.

पुडी हातात घेऊन आयर्विन पुलाकडे जावं. १९२९ चा हा पूल सांगलीकरांची पट्टी आहे. पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. पंचेचाळीस फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, मारुती चौक आणि हरभट रोडवरची दुकानं बुडाली. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं. ज्या दुकानात मी भडंग घेतो तिथल्या भिंतीवर त्या पहिल्या पाण्याची खूण अजून आहे, माझ्या डोक्याच्या वर. चुरमुऱ्यांची पोती आता त्या रेषेच्याही वर फळीवर असतात, आणि पुडी बांधायच्या आधी मालक स्टुलावर चढून एक पोतं खाली घेतो.