तळहाताचा घाम

पाणिग्रहणाच्या वेळीं भगवान् शंकरांच्या बोटांना घाम सुटला, असें कालिदासानें कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत वर्णिलें आहे. तेथें तें अनुरागाचें लक्षण. परंतु पवनीच्या एका वाचकभगिनीनें आपल्या पुतण्याविषयीं जें पत्र आम्हांस धाडिलें आहे, त्यांतील घाम निराळा. मुलगा बारावींत आहे. लिहितां लिहितां त्याची उत्तरपत्रिका भिजते, शाई पसरते, आणि घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतात, "भित्रा आहे, दुसरें कांहीं नाहीं." औषधांवांचून ह्यावर उपाय आहे काय, असें बाई विचारितात.

उत्तर देण्यापूर्वीं एक कबुली दिली पाहिजे. आम्ही शिक्षक असतां अशाच एका विद्यार्थ्यास ओल्या वहीबद्दल वर्गासमक्ष लागेल असें बोललों होतों. तो सदऱ्यास हात पुसत उभा राहिला. त्यानंतर त्यानें वही आपण होऊन कधीं पुढें केली नाहीं. त्याचा तो निष्काळजीपणा नसून विकार होता, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

मनुष्याच्या त्वचेंत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. पाठीचा-पोटाचा घाम मुख्यत्वेंकरून उष्णतेनें येतो. तळहात व तळपाय यांचा मनःक्षोभानें. आमच्या नाट्यशास्त्रानें स्वेदाची गणना आठ सात्त्विक भावांत केली, ती उगीच नव्हे. मात्र कांहीं जणांच्या बाबतींत मज्जातंतू ह्या ग्रंथींना अकारणच चेतवीत राहतात. विकार बहुधा लहानपणीं किंवा वयांत येतांना सुरू होतो, दोन्ही हातांस सारखाच असतो, झोपेंत थांबतो, आणि पुष्कळदां त्याच कुळांत आणखी कोणास तरी असतो. पत्र लिहिणाऱ्या बाईंनीं आपल्या सासऱ्यांचे हात आठवून पाहावे. उलट, प्रौढ वयांत नव्यानेंच सर्वांगास घाम येऊं लागला, रात्रीं अंथरूण भिजूं लागलें, वजन उतरूं लागलें, तर क्षय, कंठग्रंथीचा विकार इत्यादि कारणें असूं शकतात. तेथें आधीं डॉक्टर, मग इतर विचार.

आतां उपाय. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत अग्नीच्या साह्यानें घाम आणविण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. आपणांस तो थांबवावयाचा आहे! चहाच्या काढ्यांत हात बुडविल्यानें तुरटपणामुळें थोडा वेळ बरें वाटतें, ह्यापलीकडे त्याची मजल नाहीं. तुरटी औषधांत मोडते, म्हणून ती सोडून देऊं.

हातांसाठीं आम्हांस सर्वांत पसंत पडला तो उपाय म्हणजे पाण्यांतून दिलेला सौम्य विद्युत्प्रवाह. दोन उथळ तबकांत साधें पाणी घेऊन एकेकांत एकेक तळहात ठेवावयाचा, आणि यंत्रांतून १५ ते २० मिलिअँपिअर एवढा प्रवाह २०-३० मिनिटें जाऊं द्यावयाचा. मध्यें प्रवाहाची दिशा पालटतात. हातांस मुंग्या येतात, इतकेंच. १९५२ सालीं बोउमन व लेंट्झर यांनीं हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि १९६८ सालीं लेव्हिट यांनीं त्यासाठीं साधें यंत्र वर्णिलें. घाम नेमका कशानें थांबतो ह्याविषयीं तज्ज्ञांत अद्यापि एकमत नाहीं. परंतु आठवड्यांतून तीन-चार वेळां असें सहा ते दहा वेळां केल्यावर बहुतेकांचे हात कोरडे होतात. गुण टिकविण्यासाठीं पुढें आठवड्या-दोन आठवड्यांनीं पुन्हां बसावें लागतें. कंटाळवाणें आहे खरें, पण न सोसल्यास सोडून देतां येतें. अंगठ्या-बांगड्या काढाव्या, कातरल्या जागीं व्हॅसलीन लावावें. गर्भवती, अपस्माराचे रोगी, हृदयास यंत्र किंवा शरीरांत धातूचा तुकडा बसविलेले, यांनीं ह्या वाटेस जाऊं नये. आणि घरांतील कोणी हुशार चिरंजीव भिंतींतील विजेची तार तबकांत सोडूं पाहील, तर त्याचे हात तेथेंच धरावे. तो प्राणघातक प्रकार आहे. यंत्र वैद्यकीय उपयोगासाठींच बनविलेलें असावें आणि पहिल्या बैठका त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं व्हाव्या.

सूक्ष्मलहरींच्या उष्णतेनें घर्मग्रंथी जाळण्याच्या यंत्रास अमेरिकेंत २०११ सालीं मान्यता मिळाली. ती काखेसाठीं. दोन बैठकांत काम होतें, गुण टिकतो, खर्च मोठा. तळहाताच्या नाजूक रचनेवर तें चालत नाहीं. तेव्हां पुतण्यास त्याचा उपयोग नाहीं.

तिसरा मार्ग शस्त्राचा. छातींत दुर्बीण घालून तळहाताकडे जाणारी मज्जातंतूंची सांखळी छेदितात, आणि हात बहुधा तत्काळ कोरडे होतात. पण नंतर पुष्कळांना पाठ, पोट व मांड्या यांवाटे अधिक घाम येऊं लागतो, आणि छेदिलेला तंतू सहसा पूर्ववत् होत नाहीं. वैशाखांत भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तशा दिवसांत भिजलेल्या पाठीनें हिंडण्यापेक्षां भिजलेले हात बरे, असें आमचें मत. मोहाडी-आंधळगांवच्या एखाद्या कोसा विणणाऱ्यास, ज्याच्या ओल्या बोटांचा डाग थेट वस्त्रावर पडतो, कदाचित् ह्याच्या उलट वाटेल. त्यालाही आम्ही आधीं पाण्याचीं तबकेंच सांगूं.

बाईंनीं दिवस मोजावे. परीक्षा फाल्गुनांत आहे, आणि तबकांचा गुण यावयास तीन-चार आठवडे लागतात; म्हणून पौष संपण्यापूर्वीं तज्ज्ञांची गांठ घ्यावी. तोंवर मुलानें लिहितांना तळहाताखालीं टीपकागद ठेवावा, पसरणाऱ्या शाईऐवजीं बॉलपेन घ्यावें, आणि परीक्षेच्या पहिल्याच दिवशीं पर्यवेक्षकांस टीपकागदाचें कारण सांगावें. तें सांगावयास घरांतील ज्या मंडळींनीं त्याला भित्रा म्हटलें, त्यांतील एकानें बरोबर गेलें तर उत्तम.