हेल्मेट घालून परतलेला गोलकीपर

मुलाला खेळताना जोरात लागलं, की तुमच्या घरात पहिलं वाक्य कोणतं येतं? बहुतेक घरांत एकच असतं, “उद्यापासून खेळ बंद!” काळजीपोटीच म्हणतो आपण. पण आज ज्याची गोष्ट सांगतेय, त्याच्या तर जिवावरच बेतलं होतं.

१४ ऑक्टोबर २००६. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात चेल्सी संघाचा सामना सुरू होऊन जेमतेम काही सेकंद झाले होते. चेल्सीचा २४ वर्षांचा गोलकीपर पीटर चेक चेंडू पकडायला झेपावला आणि समोरून आलेल्या खेळाडूचा गुडघा त्याच्या डोक्यावर आदळला. कवटीला फ्रॅक्चर झालं. तातडीने ऑपरेशन करून धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

चेक प्रजासत्ताकचा हा खेळाडू तेव्हा ऐन भरात होता. २००४-०५ च्या प्रीमियर लीगमध्ये चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले होते, ते मुख्यतः त्याच्या जोरावर. आता पुढे काय?

साधारण तीन महिन्यांनी, २० जानेवारी २००७ ला तो लिव्हरपूलविरुद्ध मैदानात उतरला. डोक्यावर रग्बी खेळाडू घालतात तसं मऊ पॅडचं हेल्मेट होतं. त्या दिवशी चेल्सी ०-२ ने हरली. पण चेक परत आला होता, आणि ते हेल्मेट शेवटच्या सामन्यापर्यंत त्याच्या डोक्यावर राहिलं.

गोलकीपरचं दुखणं तुम्हाला ठाऊकच असेल. फॉरवर्डच्या हुकलेल्या दहा संधी लोक विसरतात, पण गोलकीपरची एक चूक थेट स्कोअरबोर्डवर दिसते. २००८ च्या युरो स्पर्धेत तुर्कस्तानविरुद्ध चेकच्या हातून सोपा चेंडू निसटला, बरोबरी झाली. दोनच मिनिटांत तिसरा गोल झाला आणि २-० ने पुढे असलेला त्याचा देश स्पर्धेबाहेर गेला.

त्यानंतर चार वर्षांनी चॅम्पियन्स लीगची फायनल आली. १९ मे २०१२, म्युनिक. समोर बायर्न म्युनिक, तेही त्यांच्याच मैदानावर. चेकने बायर्नच्या जुन्या पेनल्टींचे व्हिडिओ बारकाईने पाहून तयारी केली होती. जादा वेळेत त्याने रॉबेनची पेनल्टी अडवली, मग शूटआउटमध्ये आणखी दोन. सहाही पेनल्टींना त्याची उडी योग्य दिशेला होती! चेल्सी पहिल्यांदाच युरोपची विजेती ठरली. दुसऱ्या दिवशी चेकचा तिसावा वाढदिवस होता.

२०१९ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर देशासाठी १२४ सामने होते. शिवाय प्रीमियर लीगमधले २०२ सामने असे, ज्यांत त्याच्या संघाने एकही गोल खाल्ला नाही. हा लीगचा विक्रम आहे.

म्हणून पुढच्या वेळी मूल गुडघा फोडून घरी आलं, तर आधी जखम धुवा. गरज असेल तर डॉक्टरांना दाखवा, पुरेशी विश्रांती घेऊ द्या. डोक्याला लागलं असेल, तर अजिबात घाई नको. आणि मग “खेळ बंद” म्हणण्याआधी एकदा विचारा, “परत खेळायचंय? मग काय घालून खेळशील?”