शुभ्र वस्त्रांचे देणे

अमरावतीच्या वा अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकाशी घटकाभर उभे राहावे. विद्यार्थी पुढारी कोण, हे कोणास विचारावे लागत नाही. कडक इस्त्रीचा पांढरा कुडता, त्यावर जाकीट, गळ्यात पक्षाच्या रंगाचे उपरणे, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मागे चार सोबती. वय विशीचे, वेष मात्र पन्नाशीतल्या आमदाराचा. हा वेष अंगावर चढविण्यापूर्वी त्याने कोणाचे कोणते काम केले, असा आमचा प्रश्न आहे. आणि तो आम्ही प्रथम आपल्याच घरात विचारू इच्छितो.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण एका विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी झाला. आईने परीक्षेच्या शुल्कासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दोन कुडते व एक जाकीट आले. रविवारी मिस्सा संपल्यावर ती माउली कौतुकाने म्हणाली, "फादर, पोरगा आता लीडर झाला नं!" आम्ही त्याची पाठ थोपटली. पुढे आम्हांला त्याची लाज वाटली, कारण तू कोणासाठी काय करणार, हे आम्ही विचारलेच नाही. आम्हीही कपडाच पाहिला. त्याच महाविद्यालयात मेळघाटातील एका कोरकू मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज कागदपत्रांअभावी अडून पडला होता. तो मार्गी लावला रंग उडालेल्या शर्टातल्या एका मुलाने. त्यासाठी त्याने तीन दिवस कचेरीच्या खिडकीसमोर काढले. त्याला मात्र कोणी पुढारी म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, गरिबाच्या मुलाने नीटनेटके कपडे घालूच नयेत काय? अवश्य घालावेत. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उपदेश केला, तो जातीची खूण पटविणारा पेहराव टाकून देण्याचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. ज्या समाजाला अंगभर वस्त्राचीही बंदी होती, त्याच्या नेत्याचा सूट हा थाट नव्हता. तो मानवी प्रतिष्ठेचा दावा होता, आणि त्यामागे आयुष्यभराचे अध्ययन व संघर्ष उभा होता.

दुसरे टोक आपल्याच मातीतले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनातून माणसांची मने. याच चिंधीधारी पुरुषाने पंढरपूरची आपली धर्मशाळा सुटाबुटातल्या बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. दोघांनीही एकमेकांचे कपडे पाहिले नाहीत, काम पाहिले. १९५६ च्या डिसेंबरात अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले. १९८३ साली स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज गाडगेबाबांचे नाव मिरविते. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या हातांपैकी खराटा धरलेले हात किती, याचा हिशेब पुढाऱ्यांनी स्वतःशी करावा.

सारा दोष तरुणांच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे १९९४ च्या कायद्यानंतर राज्यातील महाविद्यालयांच्या थेट निवडणुका बंद झाल्या व गुणवत्तेवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २००६ साली लिंगडोह समितीने विद्यार्थी उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचविली, छापील भित्तिपत्रकांना मनाई केली. २०१६ च्या राज्य कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. परंतु मधल्या काळात काय घडले? मतपेटी नाही, म्हणजे सोबत्यांपुढे हिशेब देणेही नाही. मग पुढारीपणाचा पुरावा कोठून आणावा? तो पक्षाच्या नेमणूकपत्रातून, चौकातल्या फलकावरून आणि शिंप्याच्या दुकानातून आणला गेला. जेथे मत मागावे लागत नाही, तेथे वेषच मत होऊन बसतो.

आता आमच्याविषयी. आम्ही प्रथम झगा परिधान केला, त्या दिवशी गावातली वडीलधारी माणसे आमच्यापुढे वाकली. तोवर आम्ही त्यांच्यासाठी काहीही केलेले नव्हते. मान झग्याचा होता, आणि तो फेडण्यास आयुष्य अपुरे पडते आहे. झालरी लांब करून मिरविणाऱ्यांना प्रभू येशूने कठोर शब्दांत फटकारले. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या वस्त्रातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला संत याकोबाने जाब विचारला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, नोव्हेंबर १९६५ मध्ये, सुमारे चाळीस बिशपांनी रोममधील दोमितिल्लाच्या भुयारी स्मशानभूमीत भरजरी वस्त्रे त्यागण्याची प्रतिज्ञा केली. आणि आपण? आपल्या सणाच्या कार्यक्रमात पांढऱ्या कुडत्याला पहिली रांग आणि रंग उडालेल्या शर्टाला खुर्च्या लावण्याचे काम देतो. मुलांना हा धडा आपणच शिकविला आहे.

वऱ्हाडातल्या माणसाने तर पांढऱ्या कपड्याचा अर्थ विसरू नये. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या बाजारात आपल्या अमरावतीच्या नावाने कापूस विकला जाई. त्या कापसाने दूरदूरची माणसे श्रीमंत झाली. पिकविणाऱ्याच्या घरी मात्र कर्ज राहिले, आणि आजही याच जिल्ह्यांतला शेतकरी गळफास जवळ करतो. तेव्हा पांढरा कुडता हे वऱ्हाडात अलंकरण नव्हे, ते देणे आहे. ज्याला ते फेडायचे आहे त्याने तो खुशाल घालावा. इस्त्री मोडेपर्यंत कोणाच्या तरी अर्जासाठी खिडकीसमोर उभे राहावे.

त्या तरुणाला आम्ही पुन्हा बोलावणार आहोत. या वेळी पाठ थोपटण्यापूर्वी त्याला एकच विचारू: त्या कोरकू मुलीचे नाव तुला ठाऊक आहे काय?