मांगुराच्या पोटातला पाहुणा आणि त्याचे बारसे

मासळीबाजारात इतर मासे टोपलीत निपचित पडलेले असतात, तेव्हा घमेल्यातल्या बोटभर पाण्यात एक काळसर, मिशाळ मासा मात्र वळवळत असतो. हा मांगूर. कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय त्याला लाभले असल्याने पाण्याबाहेरही तो बराच काळ तग धरतो. तो साफ करताना त्याच्या आतड्यात कधीकधी एक लहानसा, पांढरट, चपटा कृमी आढळतो. गृहिणी तो आतड्यासकट फेकून देते, आणि ते योग्यच आहे. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी मात्र तो फेकला नाही. १९२५ साली केंब्रिजहून निघणाऱ्या ‘पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले आणि ही विज्ञानाला अपरिचित अशी नवी जाती आहे, असे सांगून तिला ‘कॅरिओफिलियस इंडिकस’ हे नाव दिले.

आपल्या मनात प्रथम जी शंका येईल, तिचे निरसन आधीच करतो. हा कृमी माशांचा आहे. तो माणसाच्या पोटात नांदत नाही. भय बाळगायचे तर ते डुकराच्या पट्टकृमीचे. त्याची अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून मांसाला कधी न शिवणाऱ्या घरातही शिरतात. अळ्या मेंदूपर्यंत पोचल्या, तर फेफरे येऊ लागते. तेव्हा नागपूर असो की जयपूर, कोथिंबिरीची जुडी स्वच्छ पाण्यात नीट धुतल्यावाचून चिरू नये.

मोघे यांच्या कृमीची शास्त्रीय गणना पट्टकृमींतच होते. आता ‘पट्ट’ म्हणजे पट्टी, आणि सर्वसाधारण पट्टकृमी हा खरोखरच शेकडो खंड एकापुढे एक जोडल्यासारखा लांबच लांब असतो. प्रत्येक खंडात जननेंद्रियांचा स्वतंत्र संच. या कृमीला मात्र खंडच नाहीत. सारे शरीर एकसंध आणि जननेंद्रियांचा संच एकच. त्यामुळे पट्टी नसलेल्याला पट्टकृमी म्हणण्याची आपत्ती ओढवते. भाषांतराचे काम करणाऱ्यांना अशी फजिती नवी नाही! त्याची अंडी माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात, चिखलात राहणारे गांडुळाच्या वर्गातील बारीक कृमी ती गिळतात आणि त्यांना मांगूर खातो, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नवी जाती ठरवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. मासा ताजा हवा. तो मरून काही तास लोटले, की आतला कृमीही सैल पडतो, फुगतो, कुजू लागतो आणि मग घेतलेली मापे फसवी ठरतात. जिवंत कृमी हलक्या हाताने काढून, धुऊन, गरम फॉर्मॅलिनमध्ये टाकावा, म्हणजे तो आक्रसून न जाता सरळ राहतो. पुढे त्याला कार्मिनसारख्या रंगात रंगवायचे, मद्यार्कात त्यातील पाणी काढायचे, पारदर्शक करायचे आणि कॅनडा बाल्सममध्ये काचपट्टीवर बसवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याचा आकार, वृषणांची मांडणी, अंडाशयाची ठेवण, एकेक तपशील मोजून रेखाटायचा. आणि सर्वांत कंटाळवाणे, तरीही सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आजवर वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी त्याची तुलना. मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, तो शोभेसाठी नव्हे. पन्नास वर्षांनी कोणी शंका घेतली, तर त्याला उत्तर देता यावे म्हणून.

हे पथ्य सर्वांनी पाळले असे नाही. मोघे यांच्यानंतरच्या दशकांत मांगुरातील या गटाच्या कृमींना एकामागून एक नवी नावे मिळत गेली. एखाद्या घरी एकाच मुलाला आजी बाळ्या म्हणते, मामा बंडू म्हणतो, शाळेत तो पांडुरंग असतो. शिधापत्रिका करणाऱ्याने तिन्ही नावे लिहून घेतली तर घरात तीन मुले होतील. येथे तसेच झाले. कुठे आक्रसलेला कृमी निराळा ठरला, कुठे कुजू लागलेला. २०११ साली अनिर्बाण अ‍ॅश, टोमाश शोल्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, इंडोनेशिया व थायलंड येथील ताजे नमुने आणि संग्रहालयांतील जुने नमुने शेजारी ठेवून पाहिले. तेव्हा पन्नासांहून अधिक नावे रद्द झाली आणि ग्राह्य जाती उरल्या अवघ्या आठ. हे वाचून कुणाला हसू येईल. मला मात्र त्या रद्द झालेल्या नावांमागील श्रमांचे वाईट वाटते. शिवाय उद्या तळ्यातील मासे दगावू लागले, तर रोग कोणत्या कृमीचा, हे अशा यादीवरून कोण सांगणार?

त्या आठांत मोघे यांची जाती आहे. तिचे नाव मात्र जसेच्या तसे राहिलेले नाही. स्वतः मोघे यांनीच १९३१ साली त्याच नियतकालिकात पुरवणी वर्णन लिहिले, ते ‘लायटोसेस्टस इंडिकस’ या नावाने. प्रजाती बदलली, म्हणजे जणू आडनाव बदलले. ‘इंडिकस’ तेवढे कायम राहिले. अशा वेळी प्राणिशास्त्राचा संकेत असा, की प्रथम वर्णन करणाराचे नाव कंसात लिहावे. म्हणून आजच्या ग्रंथांत आपल्याला ‘लायटोसेस्टस इंडिकस (मोघे, १९२५)’ असे आढळेल.

गंमत अशी, की दरम्यान यजमानाचेच नाव बदलले. मोघे यांच्या लेखात मांगूर ‘क्लॅरिअस बट्राकस’ होता. २००८ साली ते नाव खऱ्या अर्थाने जावा बेटातील माशाचे असल्याचे दाखवून देण्यात आले, आणि आपल्याकडील माशाला हॅमिल्टन यांनी १८२२ साली दिलेले जुने नाव पुन्हा मिळाले: ‘क्लॅरिअस मागुर’. हॅमिल्टन यांनी ते आपल्याच देशातील मासेविक्यांच्या बोलीतून उचलले होते.