काचेच्या पेटीतील ऑक्टोपस

माझा पुतण्या सातवीत शिकतो. त्याच्या घरी काचेच्या पेटीत चार सोनेरी मासे आहेत; परंतु अलीकडे त्याचे मन त्यांत रमत नाही. "काका, मासे नुसते फिरतात. ऑक्टोपस पाळला तर किती मौज येईल!" असे तो परवा मला म्हणाला. मी त्याला लगेच नकार दिला नाही, कारण त्याच्या कुतूहलात गैर काहीच नव्हते.

किंबहुना काचेच्या पेटीची कथा ऑक्टोपसाच्याच एका भाऊबंदापासून सुरू होते. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री प्रथम पॅरिसमध्ये शिवणकाम करीत असे. विवाहानंतर ती सिसिली बेटावरील मेसिना येथे राहू लागली. तेथील समुद्रात अर्गोनॉट नावाचा लहानसा ऑक्टोपस आढळतो. त्याची मादी कागदासारख्या पातळ शंखात राहते. तो शंख तिने स्वतः घडविलेला, की दुसऱ्या कोणाचा बळकावलेला, याविषयी विद्वानांत वाद होता. या बाईंनी १८३२ मध्ये काचेच्या पेट्या करविल्या, त्यांत समुद्राचे पाणी भरले आणि शंखांचे तुकडे मुद्दाम मोडून पाहिले. अर्गोनॉटने आपले घर आपणच सांधले! वाद मिटविण्याचा मार्ग सापडला. त्याच वर्षी तरुण डार्विन केप व्हर्डे बेटांच्या किनाऱ्यावर ऑक्टोपसाचे पालटते रंग न्याहाळत होता. एक ऑक्टोपस त्याने जहाजावरील आपल्या खोलीतही ठेवला होता. अंधारात तो मंद चमकत असे.

मग आपण तो का पाळू नये? मेसिनाच्या बाईंच्या दाराशी समुद्र होता. आपल्या घरी नळ आहे. पाण्यात मीठ कालवून समुद्र होत नाही. ऑक्टोपसाला तीन हृदये असतात. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असल्यामुळे ते निळसर दिसते. आणि गंमत अशी, की पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबे त्यालाच प्राणघातक ठरते. तो घाबरला म्हणजे शाई सोडतो. अथांग सागरात ती शाई त्याचे रक्षण करते. कोंडलेल्या पाण्यात ती त्यालाच बाधते.

कटलफिशचे दुःख निराळे आहे. कोकणातील कोळी त्याला व त्याच्या भावंडांना माकूळ म्हणतात. दचकताच तो बाणासारखा मागे सुटतो. मागे काच असेल, तर त्याच्या शरीराला जखम होते.

हे सर्व सांभाळणारे हौशी लोक जगात आहेत, हे मी मान्य करतो. ते मोठी पेटी ठेवतात, पाणी रोज तपासतात, जिवंत खेकडे पुरवितात. त्यांच्या कष्टांना मी नावे ठेवणार नाही. परंतु माझी खरी हरकत पाण्याविषयी नाहीच. ऑक्टोपसाच्या मज्जापेशींपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या बाहूंत असतात. त्याला प्रत्येक वस्तू चाचपून पाहण्याची ओढ असते. न्यूझीलंडमधील नेपियर येथील मत्स्यालयात इंकी नावाचा ऑक्टोपस होता. २०१६ मध्ये एका रात्री पेटीचे झाकण किंचित उघडे राहिले. इंकी बाहेर आला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सुमारे ५० मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळातून समुद्रास मिळाला. ज्यांनी त्याला प्रेमाने खाऊ घातले, त्यांना सकाळी फरशीवर केवळ त्याच्या खुणा दिसल्या. शिवाय सामान्य ऑक्टोपसाचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच. मादी तर अंडी सांभाळताना अन्न सोडते आणि पिल्ले बाहेर पडली की मरते. इतक्या तोकड्या आयुष्यातील महिने आपल्या दिवाणखान्याच्या शोभेसाठी मागून घेणे मला तरी उचित वाटत नाही.

हे मी पुतण्याला सांगितले, तेव्हा तो रुसला. दिवाळीच्या सुटीत मी त्याला घेऊन कोकणातील खडकाळ किनाऱ्यावर गेलो. ओहोटीच्या वेळी एका डबक्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. प्रथम तेथे केवळ शेवाळलेला दगड दिसत होता. मग त्या दगडाने डोळा उघडला, रंग पालटला आणि तो फटीत शिरला. पुतण्याने माझा हात घट्ट धरला होता. परतताना त्याला वाळूत कटलफिशच्या पाठीचे पांढरे, हलके कवच सापडले. त्यालाच आपण समुद्रफेस म्हणतो. ते आता त्याच्या मेजावर, सोनेरी माशांच्या पेटीशेजारी ठेवलेले आहे.